रणझुंजार इलेव्हनचा एकुलता एक सीझन

ड्युरियनचा सीझन पुन्हा सुरू झालाय. सिंगापुरात हौगांगला आमच्या ब्लॉकसमोरच्या मैदानाच्या कडेला तो ड्युरियनवाला दर जूनमध्ये आपली लाल प्लॅस्टिकची स्टुलं मांडतो आणि मग ऑगस्ट उलटेपर्यंत तो वास लिफ्टमध्ये, वाळत घातलेल्या चादरींत, थेट माझ्या फोडणीच्याही वर चढून बसतो. मला फणस आवडतो. पण ड्युरियन म्हणजे फणसाने सगळी लाजलज्जा सोडल्यावर जे होईल ते. माझी मुलगी रेवा इथेच वाढलेली. ती हातात प्लॅस्टिकचे मोजे चढवून तो गर मिटक्या मारत खाते आणि मला म्हणते, "ममा, यू डोन्ट नो हाऊ टु ईट, लाह." असेल बाई. मला काय काय येत नाही याची यादी तुझ्याकडे असेलच.

तर या वासाने माणसांना काय काय आठवत असेल. मला बेसबॉल आठवतो. हसू नका. खरं म्हणजे सॉफ्टबॉल, बेसबॉलचीच बहीण. नाव सॉफ्ट आणि चेंडू असा की लागला तर आठवडाभर हिरवानिळा डाग मिरवावा. याच मैदानावर, याच वासात, इथल्या मराठी मंडळींनी एक संघ काढला, एक सीझन खेळवला आणि बुडवला. आणि परवा मंडळाच्या ओंकारचा मेसेज आला. पंचविशीतला गुणी मुलगा आहे, मंडळाची स्मरणिका काढतोय. "वहिनी, आपल्या बेसबॉल टीमचा गौरवशाली इतिहास तुम्ही लिहा ना. स्कोअरबुक तुमच्याकडेच आहे म्हणे."

गौरवशाली! मी तो शब्द दोनदा वाचला आणि चहा तसाच गार होऊ दिला.

स्कोअरबुक माझ्याकडेच आहे. साबुदाण्याच्या डब्याच्या मागे, वरच्या फडताळात. तिथे का ठेवलं मला ठाऊक नाही. फेकवलं नाही एवढं खरं.

सुरुवात कशी झाली ते सांगते. जवळपासच्या वस्त्यांची मिळून एक हौशी लीग होती, अगदी खालच्या दर्जाची. त्यात पाचच संघ होते, सहावा हवा होता. नोटीस लिफ्टशेजारच्या फलकावर लागली. ती माझ्या नवऱ्याने, मंदारने, वाचली. मंदार शाळेत क्रिकेट खेळायचा, म्हणजे सगळी मुलं खेळतात तसाच, पण पुण्याच्या मुलाला स्वतःच्या क्रिकेटबद्दल जो एक गैरसमज असतो तो पन्नाशीपर्यंत टिकतो. तो वर आला आणि म्हणाला, "अगं, सोपं आहे. आपला दांडपट्टाच तो. बॉल आला की हाणायचा."

दुसऱ्या रविवारी आमच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. आता कुणालाही वाटेल की खेळायचं म्हणजे आधी बॅट आणावी, चेंडू आणावा, चार जणांनी खाली उतरून धावून बघावं. छे! आपल्यात तसं नसतं. आपल्यात आधी कमिटी होते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह, क्रीडाप्रमुख आणि सल्लागार. माणसं बारा, त्यातली नऊ पदाधिकारी. अध्यक्ष अर्थातच अण्णा. चांगी बिझनेस पार्कात एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, सगळ्यांत आधी इथे आलेले, स्वतःचा कॉन्डो, आणि बोलताना प्रत्येक वाक्यानंतर टाळ्यांसाठी जागा सोडायची सवय. त्यांनी प्रेझेंटेशन करून आणलं होतं. पहिल्या स्लाइडवर 'व्हिजन' लिहिलं होतं. मी किचनमध्ये पोहे परतत होते आणि तिथूनही मला ते दिसत होतं.

नावावर तीन रविवार गेले. कुणाला वाघ हवा होता, कुणाला सिंह. सिंहपुरात राहून सिंह कशाला, म्हणून तो बाद. शेवटी 'रणझुंजार इलेव्हन' ठरलं, भगव्या रंगाचे टी-शर्ट छापून आले, पाठीवर मोठ्ठी अक्षरं. वाटप झालं, फोटो झाले, अण्णांना शाल-श्रीफळ झालं. मग कुणीतरी नियमांचं पुस्तक उघडलं आणि कळलं की या खेळात एका संघात नऊच जण असतात.

"इलेव्हन म्हणजे स्पिरिट," अण्णा म्हणाले. विषय संपला.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण इथे तर बाशिंग बांधून झाल्यावर कळलं की लग्न आपलं नाहीच!

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हसून सोडून दिलं असतं. पण नंतर ते खेळायला उतरले. दर शनिवारी चारला, अंगाची काहिली होत असताना, गवतातल्या लाल मुंग्या मोज्यात शिरत असताना, ड्युरियनच्या वासात. मध्येच आभाळ काळं व्हायचं, विजेचा इशारा देणारा तो भोंगा केकाटायचा, दिवा लाल व्हायचा, की सगळे पळत ब्लॉकखाली. मैदानावर असे कधी कुणी पळताना दिसले नाहीत.

कारण आपल्या लोकांना त्या खेळात पळायचं असतं हेच पटत नव्हतं. चेंडू बॅटला लागून समोर गेला की तिथे पळावंच लागतं. क्रिकेटसारखं 'नको, नको' म्हणून हात वर करून उभं राहता येत नाही. आमचे सहकार्यवाह पहिल्याच सरावात डावा पाय पुढे टाकून, कोपर उंचावून, इतका सुंदर बचावात्मक फटका खेळले की चेंडू त्यांच्या पायाशी येऊन निजला. त्यांनी वर बघितलं. त्यांना वाटलं कुणीतरी 'वेल प्लेड'सारखं काहीतरी म्हणेल. तोपर्यंत ते बाद झालेले होते. मंदार धावायचा, नाही असं नाही, पण बॅट हातात घेऊन. ती टाकून पळायचं असतं. एकदा तर पहिल्या बेसच्या, म्हणजे पळत जाऊन गाठायच्या त्या चौकोनी गादीच्या, चार हात आधी त्याने धाडकन वाकून बॅट पुढे टेकवली आणि पंचांकडे विजयी मुद्रेने बघितलं. क्रीजमध्ये पोचला होता ना तो! पंच म्हणजे तोआ पायोहचे एक चिनी अंकल, निवृत्त पीटीचे शिक्षक, सत्तरीचे, काडीपैलवान. त्यांनी आधी बॅटकडे पाहिलं, मग मंदारकडे, मग आकाशाकडे. "युअर लेग, सर," ते अगदी हळू म्हणाले. "मस्ट यूज युअर लेग."

आणि मोजे! प्रत्येकाला हातमोजा असतो. पण हातमोजा विकेटकीपर घालतो, आपण कशाला, असं म्हणून क्रीडाप्रमुखांनी उघड्या हाताने कॅच घेतला आणि पंधरा दिवस ऑफिसात एका हाताने टाइप केलं. ती सुजलेली करंगळी त्यांनी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना सगळ्यांना दाखवली, जशी काही सीमेवर लागलेली गोळी. नाचता येईना अंगण वाकडं तर होतंच. इथे अंगण वाकडं म्हणून ठराव पास व्हायचा आणि कोपीचा दुसरा कप यायचा.

मला खेळायचं नव्हतं. तरी नियम होता की मैदानावर तीन बायका हव्यातच, म्हणून दोघा पदाधिकाऱ्यांच्या बायकांना धरून आणलं होतं. मी म्हटलं, मी वही सांभाळते. वही सांभाळणं सोपं नव्हतं बरं का. त्या खेळाचं स्कोअरबुक म्हणजे प्रत्येक चौकोनात एक बर्फी काढलेली, त्यात कोण कुठल्या बेसवर पोचलं, कसं बाद झालं, सगळं खुणांनी भरायचं. कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला शिकवलं ते सुजाताने.

सुजाता तायडे. तिसरी बाई हवी होती म्हणून कुणीतरी तिचं नाव सुचवलं. तोआ पायोहला दोन मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायची, पाण्यातल्या जंतूंवर लॅबमध्ये संशोधन करायची. तिशीची असेल. पहिल्या दिवशी आली ती बसमधून, पाठीवर सॅक, आणि सॅकमधून तिने स्वतःचा हातमोजा काढला. जुना, काळा पडलेला, खोबरेल लावून मऊ ठेवलेला. ती अमरावतीची. युनिव्हर्सिटीकडून सॉफ्टबॉल खेळलेली. तिकडे विदर्भ-खान्देशात हा खेळ शाळाशाळांतून खेळतात हे आमच्या पुण्या-मुंबईच्या शहाण्यांना माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. तिने चेंडू नुसता हातात घेतला, फिरवला, आणि दुसऱ्या बेसवरून पहिल्या बेसवर फेकला. सपाट, सरळ. ज्यांनी तो घ्यायचा होता ते बाजूला झाले.

"वा!" अण्णा म्हणाले. "छान. छान. तायडे म्हणजे... कुठले तुम्ही?"

"अमरावतीचे."

"हो, पण म्हणजे मूळचे? म्हणजे तायडे म्हणजे नेमके..."

सुजाता हसली. "अण्णा, वेसाकला सुट्टी असते ना, आमचा बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम असतो. त्याला या. सगळं कळेल."

"अरे वा, वा, नक्की येऊ की," अण्णा म्हणाले. कुणी काही वावगं बोललं नाही. नाही हो, आम्ही सुशिक्षित माणसं. फक्त त्या क्षणापासून तिच्याशी बोलताना सगळ्यांचा आवाज एक चमचा साखर जास्त घातल्यासारखा झाला. 'सुजाता, तू बस हं.' 'सुजाता, पाणी घेतलंस ना?' माझाही झाला. मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि मला वाटलं मी प्रेमाने बोलतेय.

आता एवढी खेळाडू पदरात पडल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? तिला चौथ्या नंबरवर बॅटिंग दिली असती. कॅप्टन मंदार होता, पण बॅटिंगची यादी कमिटी करायची, आणि कमिटीला एकच पद्धत ठाऊक: मान. सत्यनारायणाच्या प्रसादाला पंगत बसते तशी यादी. पहिला नंबर अण्णांचा, ते अध्यक्ष. मग उपाध्यक्ष. मग कार्यवाह. मग वयाप्रमाणे. मग बायका. सगळ्यांत शेवटी, नवव्या नंबरवर, सुजाता. ती सगळ्यांत उशिरा आली ना, म्हणून. असंच कारण सांगितलं होतं.

सामने दीड तासाचे, वेळ संपली की संपला. नवव्या नंबरची बारी यायची ती एकदा, फार तर दोनदा, आणि तीही बहुधा आधीच्या दोघी पटपट बाद होऊन, बेसवर कुणीच नसताना. ती यायची, मारायची, धावायची, दुसऱ्या बेसवर जाऊन उभी राहायची. मग पुन्हा पहिल्या नंबरचे अण्णा यायचे आणि चेंडू वर उडवून बाद व्हायचे. ती तिथेच उभी. माझ्या वहीत सीझनभर तिच्या ओळीत त्या बर्फ्या अर्ध्यावर काळ्या केलेल्या आहेत. मी नंतर पाहिल्या.

सराव संपला की ती माझ्याजवळ बाकावर बसून वही तपासायची. बोटाने दाखवायची, वहिनी, हे असं नाही, हे असं. तिच्या बोटांना खोबरेलाचा वास यायचा. तिनेच मला सांगितलं होतं, "वहिनी, या खेळात सगळ्यांत महत्त्वाची ही यादी बरं. एकदा पंचांना दिली की दिली. नंबर चुकवून भलताच माणूस खेळून गेला आणि समोरच्यांनी हरकत घेतली, तर त्याने मारलेलं सगळं रद्द. आणि बाद कोण? जो खेळला तो नाही. ज्याचा नंबर होता तो बाद."

"हा कुठला न्याय?" मी म्हटलं.

"नियम आहे," ती म्हणाली. "शाळेत आम्हाला सर रडेपर्यंत पाठ करून घ्यायचे."

मग एकदा, जुलैच्या सुरुवातीला, असंच बसलेलो असताना तिने सांगितलं की तिचं लॅबमधलं काम जुलैअखेर संपतंय. इथे राहायचा पासही संपेल. नागपूरला एका कॉलेजात नोकरी बघितलीय, वडिलांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, त्यांना जवळ घेऊन राहायचं. "तिथे गेल्यावर कुठला खेळ, वहिनी. मी एवढा सीझन खेळून घेते. मला फार काही नको. एकदा फक्त मॅच अडलेली पाहिजे, दोन आउट, बेसवर माणसं, आणि मला बॅटिंग. युनिव्हर्सिटीत शेवटच्या मॅचला अशीच वेळ आली होती आणि मी बाद झाले. ते अजून डोक्यात आहे. एकदा ते परत पाहिजे. मग झालं."

मी म्हटलं, "येईल गं." काय जातंय म्हणायला.

आणि आलं ना. तेच तर!

शेवटचा सामना. पाच सामने झाले होते, त्यातला एक आम्ही जिंकलो होतो, तोही समोरच्या संघातल्या चौघी त्या शनिवारी चर्चमधल्या एका लग्नाला गेल्यामुळे. शेवटी राहणारा संघ लीगमधून बाहेर, आणि आमच्याबरोबर तळाला होता तो तोआ पायोहच्या आंटी लोकांचा संघ, म्हणून हा जादा सामना. पन्नाशी-साठीच्या बायका, कोपरापर्यंत उन्हाच्या बाह्या चढवलेल्या, डोक्यावर मोठ्या टोप्या. अण्णांनी आदल्या दिवशी ग्रुपवर लिहिलं, 'लेट्स बी जंटल विथ देम.' त्या आंट्यांनी आम्हाला पहिल्याच डावात चार धावा मारल्या, अजिबात जंटल न होता.

तरी कसेबसे शेवटच्या डावापर्यंत आलो. सात विरुद्ध सहा, आम्ही एकाने मागे, बॅटिंग आमची. दोघं बाद, तिसरा गेला की डाव संपला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आमची माणसं. नंबर नववा.

सुजाताने हेल्मेट घातलं. बॅट उचलली, दोनदा हवेत फिरवली. मी तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. लग्नाच्या मांडवात नवरीचा असतो म्हणतात तो उगाच, तेव्हा नवरी दमलेली असते. हा तसा नव्हता. भुकेल्या माणसाने ताटावर बसावं तसा होता.

आणि अण्णा उठले.

"सुजाता," ते मायेने म्हणाले, त्या एक चमचा जास्त साखरेच्या आवाजात, "अगं एवढं प्रेशर तू कशाला घेतेस? नाहीतरी पुढचा नंबर माझाच आहे. दे इकडे. मोठ्यांनी अशा वेळी पुढे व्हायचं असतं."

उपाध्यक्ष म्हणाले, "हो हो, अण्णाच जाऊ देत. मान त्यांचाच आहे." मंदार म्हणाला, "चालेल की." मंदारला तो नियम कधीच कळलेला नव्हता, त्याला तर बॅट टाकून पळायचंही कळलेलं नव्हतं. खरं तर त्या बाकावर तो नियम दोघांनाच माहीत होता. एक सुजाता, दुसरी मी.

सुजाताने बॅट लगेच दिली नाही. ती एक क्षण तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे वळून बघितलं. वही माझ्या मांडीवर होती. यादी वहीत होती. नऊ आकड्यापुढे तिचं नाव माझ्याच अक्षरात होतं.

मी मान खाली घातली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक होतं.

का गप्प बसले? अण्णा मंदारचे साहेब असते तर निदान पोटाचं कारण तरी असतं. ते नव्हते. त्यांची बँक वेगळी, ह्याची कंपनी वेगळी. नुसती पंचाईत नको, चारचौघांत वाईटपणा नको, संध्याकाळी सगळे जेवायला माझ्याकडेच येणार होते. आणि अजून एक सांगते, आता सांगायलाच बसलेय तर. त्या जागी उपाध्यक्षांची बायको, माझी मैत्रीण प्राची, हातात बॅट घेऊन उभी असती आणि अण्णांनी ती मागितली असती, तर मी ओरडले असते. बाकावर उभी राहून ओरडले असते. सुजातासाठी नाही ओरडले. एवढ्या वर्षांत हे मी मंदारलाही सांगितलेलं नाही.

अण्णा गेले. आणि देवाची करणी बघा, त्या माणसाने सीझनभर एक फटका धड मारला नव्हता, त्याने तो चेंडू दोघींच्या मधून असा काढला की तो थेट ड्युरियनवाल्याच्या स्टुलांत जाऊन पडला. दोन धावा झाल्या. जिंकलो! भगवे टी-शर्ट गणपतीच्या मिरवणुकीसारखे नाचायला लागले. कुणी शिट्टी वाजवली, कुणी अण्णांना उचलायला गेलं आणि कंबर धरून बसलं. 'इलेव्हन, इलेव्हन' अशा घोषणा सुरू झाल्या.

समोरच्या संघातली एक आंटी तेवढी नाचणाऱ्यांकडे बघतही नव्हती. तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, बोट फिरवलं आणि मुंगीच्या गतीने चालत पंच अंकलकडे गेली. अजून कुणी मैदान सोडलेलं नव्हतं. अंकलनी तिचं ऐकलं, स्वतःचा कागद काढला आणि माझ्याकडे आले.

"स्कोअरर. बॅटर नंबर नाइन, हू?"

"सुजाता," मी म्हटलं.

"दिस अंकल नंबर वन?"

"येस."

त्यांनी माझ्याकडे रागाने नाही पाहिलं. शाळेत चांगल्या मुलीच्या वहीत भलतंच काही सापडल्यावर सर जसे बघतात तसं बघितलं. "यू नो ऑरेडी, ह? देन व्हाय यू नेव्हर से?"

त्यांनी हात वर केला. अण्णांचा फटका रद्द, दोन्ही धावा रद्द, जिचा नंबर होता ती बाद. तिसरी बाद. खेळ खलास, संघही खलास.

मला ते लिहावं लागलं. नवव्या ओळीत, शेवटच्या चौकोनात, सुजाता बाद. एकही चेंडू न खेळता. बॅट तिच्या हातात नव्हती, ती बाकाशेजारी हेल्मेट घालून उभी होती. चौकोन भरताना पेन्सिल इतकी टोकदार होती की कागद फाटला.

मग जे झालं ते तुम्हाला ठाऊकच असेल, आपल्या लोकांत वाढला असाल तर. अण्णा म्हणाले, नियम मूर्खपणाचा आहे. कार्यवाह म्हणाले, त्या बायकांनी चीटिंग केली. संध्याकाळी माझ्या घरी पावभाजीवर सगळे तुटून पडले आणि कुणीतरी म्हणालं, "पण काही म्हणा, अण्णांनी काय मारला!" आणि अण्णांनी ग्रुपवर मेसेज टाकला: 'वेल प्लेड ऑल. अनफॉर्च्युनेट आउट बाय सुजाता ॲट द एंड. चीअर अप, सुजाता!' खाली अकरा अंगठे. इलेव्हन पुरं झालं एकदाचं.

सुजाता जेवायला आली नव्हती. तिने मैदानावर नेहमीसारखे बेस उचलले, माती झटकली, पिशवीत भरले, पिशवी मंदारच्या गाडीजवळ आणून ठेवली. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, "अगं, अण्णांचं वय आहे गं, मन मोडलं असतं त्यांचं." हे बोलले मी. हेच. तिने हातमोजा सॅकमध्ये घातला, चेन लावली. "हो ना, वहिनी," म्हणाली, आणि बसस्टॉपकडे गेली. तीन आठवड्यांनी ती भारतात परतली. मी विमानतळावर गेले नाही. तिने सांगितलंही नव्हतं.

तर ओंकार, हा तुझा गौरवशाली इतिहास. सहा सामने, एक विजय, नऊ पदाधिकारी, एक खेळाडू.

हे सगळं मी दोन दिवस बसून लिहिलं. मंदारने वाचलं. म्हणाला, "कशाला उकरतेस? आणि यात तूच सगळ्यांत वाईट दिसतेस." मी म्हटलं, बरोबर वाचलंस. इतकी वर्षं मी अण्णांना नावं ठेवली, टी-शर्टला ठेवली, ह्याच्या बॅट टेकवण्याला चारचौघांत हसले. नावं ठेवायला माझी जीभ कधीच अडली नाही. अडली ती एकदाच.

ओंकारला पाठवायच्या आधी मी ते सुजाताला पाठवलं. नंबर तोच होता. इतक्या वर्षांत एक दिवाळीचा मेसेजसुद्धा पाठवला नव्हता मी तिला. दिवसभर काही आलं नाही. मी भाजी चिरली, रेवाने आणलेला ड्युरियनचा डबा बाल्कनीत नेऊन ठेवला, पुन्हा फोन बघितला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता, कॉलेज असावं. तिने माझी चौकशी केली, रेवाची केली. वडील गेल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "वाचलं मी, वहिनी. सगळं खरं लिहिलंय तुम्ही. चुकलं नाही कुठे."

मी म्हटलं, "सुजाता, मला..."

"पण केवढं लिहिलंत हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थोडं हसूच होतं. "तेव्हा तीन शब्दांत झालं असतं. नंबर सुजाताचा आहे."

मग तिचा तास होता, तिने फोन ठेवला.